भाऊजींचा सोन्याचा पाईप

अन्याय माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीवर झाला. कधी, तर गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. कुठे, तर चांदूर बाजारला, तिच्या भाड्याच्या घरात, टीव्हीसमोर, आई आणि मी साक्षीला असताना. आणि करणारा कोण, तर तिचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, ज्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस अमरावती आणि अकोला हे दोन जिल्हे मिळून दुसरा सापडायचा नाही. हे शेवटचं वाक्य मी पत्रकात लिहिलं असतं तर आमच्या संघटनेतल्या कोणीही ते खोडलं असतं, कारण ज्याचा निषेध करायचा त्याचं कौतुक पत्रकात करत नाहीत. पण मी गेली कितीतरी वर्षं पत्रकंच लिहिते आहे. रस्त्यासाठी लिहिली, वसतिगृहासाठी लिहिली, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीसाठी लिहिली. निवेदन द्यायचं, पोच घ्यायची, फोटो काढायचा आणि घरी यायचं. आता थकवा आला आहे. थकलेल्या माणसाला दोन्ही बाजू दिसायला लागतात, हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे.

गुन्हा समजायचा तर आधी खेळ समजून घ्या. ताई चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. भाऊजी अकोला जिल्ह्यात, पातूरच्या पलीकडे, तसल्याच एका शाळेवर शिक्षक आहेत. लग्नाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत भाऊजी दर शनिवारी शाळा सुटली की पातूरहून अकोल्याला, अकोल्याहून अमरावतीला आणि अमरावतीहून चांदूर बाजारला असे तीन एसट्या बदलत येतात आणि रविवारी ऊन उतरायला लागलं की त्याच रस्त्याने उलटे जातात. पहिल्या तासाभरात गॅस, लाइट बिल, दोन्ही शाळांतल्या भानगडी आणि माझ्या लग्नाचा विषय एवढं बोलून झालं की दोघांना बोलायला काही उरायचं नाही. टीव्हीवरची मालिका लावली की भाऊजी बसल्या जागी झोपायचे. म्हणून ताईने अमरावतीहून ओळखीतून एक जुना व्हिडिओ गेम आणला. आई आणि मी अमरावतीहून गेलो की चौघांनी मिळून खेळायचा. पडद्यावर एक गाव असतं, गावातून घराघरांचा रस्ता जातो, फासा टाकायचा आणि पडेल तेवढी घरं चालायचं. कुठेतरी लांब एक तारा उभा असतो. जो आधी पोचला त्याला तारा मिळतो, आणि मिळाला की तारा दुसरीकडे जाऊन उभा राहतो. वाटेत काटे आहेत, चोर आहेत, मागे ढकलणारे वारे आहेत. साधारण आपल्या एसटीसारखंच.

आणि मग आहे सोन्याचा पाईप. हा पाईप प्रत्येकाच्या नशिबात नसतो. वाटेतल्या दुकानात कधी असतो, कधी नसतो. पण एकदा तो तुमच्या पिशवीत आला की फासा टाकायचं कारण नाही. पाईप काढायचा, त्यात उडी मारायची, आणि तुमचं बाहुलं थेट ताऱ्याच्या दारात बाहेर निघतं. ना रस्ता, ना वारा, ना चोर. आईने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पोळपाट हातात घेऊनच पडद्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "बाप्पा! असं नळकांडं माह्यापाशी असतं तं मी तुह्या मावशीकडे बार्शीटाकळीले रोज चहाले गेली असती." तेव्हापासून आई खेळात सगळ्यात भयंकर झाली आहे. विहारात वर्षावासाचं प्रवचन ऐकताना डोळ्यांत पाणी आणणारी ही बाई खेळात मात्र समोरच्याचा पाईप चोरताना हूं की चूं करत नाही. पाईप हातात आला की दुसरा श्वास घ्यायच्या आधी ती वापरते. एकदा तर तारा समोरच्या तिसऱ्या घरात होता तरी तिने पाईप वापरला. मी विचारलं, "आई, तीन घरं तं पायी गेली असती नं तू?" तर म्हणाली, "कायले जाऊ पायी? हाये तं वापरते."

भाऊजी बरोबर उलटे. पाईप विकत घेण्यात भाऊजींचा हात कोणी धरू शकत नाही, पण घेतलेला पाईप त्यांनी वापरला असं मी एकदाही पाहिलेलं नाही. दुकान दिसलं की ते थांबतात, पाईप असला की घेतात, पिशवीत ठेवतात आणि फासा टाकून चालायला लागतात. "भाऊजी, वापरा नं," असं म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "असू दे. कामी पडन." दोन रस्ते फुटले की ते लांबचा घेतात, कारण त्या बाजूला कोणीच जात नाही आणि तिथल्या घरांना वाईट वाटत असेल. पडद्यावरच्या घरांना. एका कोपऱ्यात एक म्हातारं कासव बसलेलं असतं, त्याच्याकडे गेलं तर काहीही मिळत नाही, ते फक्त नमस्कार करतं. भाऊजी प्रत्येक डावात वाकडी वाट करून त्याच्याकडे जाऊन येतात. आईच्या बाहुल्याने त्यांचा पाईप पळवला की सासूला आपले म्हणतात, "घ्या मामी, घ्या. तुमचे गुडघे दुखते." आईचे गुडघे खरेच दुखतात, पण पडद्यावर आई एक गुबगुबीत हिरवा प्राणी आहे आणि त्याला गुडघेच नाहीत.

हा खेळापुरता स्वभाव असता तर मी लिहायला बसले नसते. हा माणूस सगळीकडे तसाच आहे. आमच्या बाबांनी जाण्याच्या आधीच्या वर्षी त्यांना एक शर्ट घेतला होता, फिकट निळा, चांगल्या दुकानातला. तो शर्ट अजून कागदात आहे. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ताई तो काढून ठेवते आणि भाऊजी म्हणतात, "ह्याच्यापेक्षा मोठा दिवस येईन तवा घालू." मी विचारलं, याच्यापेक्षा मोठा दिवस कोणता? तर विचारात पडले आणि जुनाच शर्ट घालून गेले. एकदा त्यांची दाढ दुखत होती. गालावर सूज, बोलता येत नव्हतं. अकोल्याला दाताच्या डॉक्टरकडे सकाळीच जाऊन चौथा नंबर घेतला. दुपारी आले तेव्हा सूज तशीच. डॉक्टरांनी तपासलंच नव्हतं, कारण यांनी प्रत्येकाला पुढे जाऊ दिलं होतं, आणि शेवटी यांची पाळी आली तेव्हा डॉक्टर जेवायला निघून गेले. पण कोणाची दाढ किडली आहे, कोणाची अक्कलदाढ आडवी आली आहे आणि कोणाच्या सासूची कवळी हरवली आहे, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. दोन दिवस गालाला रुमाल बांधून ते मला त्या सगळ्यांची खुशाली सांगत होते.

माझ्या चळवळीचंही त्यांनी असंच वाटोळं केलं आहे आणि हे मी अजून विसरलेले नाही. अकोल्याला कचेरीसमोर आमचं धरणं होतं. उन्हात दिवसभर बसलो, घोषणा दिल्या, घसा बसला. भाऊजी सुटी टाकून पाठिंब्याला आले होते, सगळ्यांसाठी पाण्याची कॅन घेऊन. संध्याकाळी साहेब निवेदन घ्यायला बाहेर आले, तेव्हा मी पाणी प्यायला वळले होते, आणि निवेदन भाऊजींच्या हातात होतं. शेजारी दुसऱ्या एका गावचे लोक बसले होते. भाऊजी त्यांना म्हणाले, "तुमी लांबून आले ना? जा, तुमी अगोदर द्या." ते गेले. त्यांचं निवेदन घेता घेता साहेबांना फोन आला आणि साहेब गाडीत बसून गेले. आमचं निवेदन शिपायाने घेतलं. मी भाऊजींना तिथेच, फलक हातात असताना, सुनावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण त्यायच्या गावाले तं पानीच नाई व, लीडर." ते मला लीडर म्हणतात. त्यात टोमणा नसतो, म्हणून जास्त राग येतो.

आता मुद्द्यावर येते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या आयुष्यात सोन्याचा पाईप एकच असतो, त्याचं नाव आंतरजिल्हा बदली. नवरा एका जिल्ह्यात आणि बायको दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर दोघांना एकत्र आणायची त्यात सोय आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, ठरावीक दिवस खिडकी उघडी असते, मग बंद होते. ताईने आपल्या बाजूचे सगळे कागद पहिल्याच वर्षी तयार करून प्लॅस्टिकच्या फायलीत लावले. भाऊजींनी अर्ज भरायचा एवढंच बाकी. तो त्यांनी कधीच भरला नाही. पहिल्या वर्षी म्हणाले, "चौथीचे पोरं चांगले हायेत, तेवढे बाहेर निघू दे." ते निघाले. दुसऱ्या वर्षी पुन्हा चौथीची पोरं चांगली होती. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "औंदाची चौथी कच्ची हाये, अशी कशी सोडू?" ज्या शाळेत पहिली ते चौथी आहे तिथे चौथी दरवर्षी येते, हे डी.एड. झालेल्या माणसाला सांगावं लागतं, यावरून तुम्ही ओळखा. ताई फाईल कपाटात ठेवायची आणि पुढच्या वर्षी झेरॉक्स नवीन काढायची.

तर त्या दुपारी आम्ही जोड्या लावून खेळत होतो. ताई आणि भाऊजी एका बाजूला, आई आणि मी दुसऱ्या. शेवटचा डाव होता, आम्ही दोघी जेमतेम पुढे होतो, आणि खेळायचे राहिले होते एकटे भाऊजी. त्यांच्या पिशवीत तिसऱ्या डावापासून सोन्याचा पाईप पडून होता. तारा पार दुसऱ्या टोकाला. ताई पलंगावरून पुढे सरकली. तिने शाळेत कधी पोरांवर आवाज चढवला नसेल, पण तेव्हा तिचा आवाज वेगळाच लागला. "आवो, आता तं वापरा."

भाऊजी म्हणाले, "थांब. फासा टाकून पायतो. मोठा आकडा पडला तं पायीच पोचतो."

फासा पडला. दोन. आई आनंदाने ओरडली, "हरले! जवाई हरले!" आणि मग तिची नजर ताईकडे गेली, आणि ती अर्ध्यात थांबली. ताईने हातातला रिमोट पदराने पुसला, डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, "तुमी खेळातबी घरी येत नाई."

एवढंच. ती चहा करायला आत गेली. चौघांसाठीच केला, आलं घालून. पडद्यावर आईचा हिरवा प्राणी आणि माझी राजकन्या रंगीत कागदांच्या पावसात नाचत होते आणि ते बंद कसं करायचं हे कोणालाच सुचत नव्हतं. भाऊजी पडद्याकडे बघत म्हणाले, "दोनच पडले." कोणी विचारलं नव्हतं.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि मला जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं. वहीच्या कागदावर, "भाऊजींना जाहीर सवाल" असं मोठ्या अक्षरात, खाली सात सवाल. अकरा वर्षांत ताईच्या तापात किती वेळा शनिवार होता, हा पहिला. बदलीच्या अर्जाची खिडकी येत्या शुक्रवारी बंद होते आहे हे ठाऊक आहे काय, हा शेवटचा. ते बॅग भरून निघाले तेव्हा दारातच हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग खिशातून लाल पेन काढलं, सवयीने, एका शब्दाखाली रेघ मारली, खाली लिहिलं, "मुद्दे चांगले. अक्षर सुधारा," सही केली, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "शनिवारी बोलू." शुक्रवारी खिडकी बंद होणार आणि हे शनिवारी बोलणार!

दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली होती, म्हणून बुधवारी मी त्यांच्या गावाला गेले. अमरावतीहून अकोला, अकोल्याहून पातूर, पातूरहून एका काळीपिवळी जीपमध्ये अंग चोरून. म्हणजे जो रस्ता ते अकरा वर्षं दर आठवड्याला दोनदा करत होते तो मी एकदाच केला आणि पोचेपर्यंत माझा निम्मा राग धुळीत गेला. शाळेत दोन खोल्या, ओट्यावर खिचडीची पंगत, आणि सगळी पोरं जेवून झाल्यावर पातेल्याच्या बुडाची खिचडी ताटात घेऊन उकिडवे बसलेले भाऊजी. मी मुख्याध्यापक बाईंना गाठलं. वयाने मोठ्या, निवृत्तीला आलेल्या. त्या भाऊजींना सोडत नसणार, असं मी रस्ताभर गृहीत धरलं होतं, आणि त्यांच्यासाठी घोषणाही तयार होत्या. बाई म्हणाल्या, "मी कावून अडवू? मी तं दरवर्षी म्हणते, मास्तर, जा बाप्पा आपल्या घरी. दुसरा मास्तर येईन, नाई येईन, ते पाहू. हे हूं म्हणते अन् खडू घेऊन वर्गात जाते." माझ्याजवळच्या सगळ्या घोषणा वाया गेल्या. समोर कोणीच नव्हतं. ज्याच्याविरुद्ध लढायचं तो ताट धुवत होता.

शाळा सुटल्यावर मी त्यांना म्हटलं, चला, अर्ज आता भरायचा. ते नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायचं त्यांना येत नाही. फक्त गावात रेंज नव्हती. रेंज येते ती पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, खालून सहाव्या पायरीला. तिथे उभं राहिलं की फोनवर सगळं येतं, पाचवीवर काही येत नाही. म्हणून संध्याकाळी शिडीखाली गावाची रांग असते. आम्ही रांगेत उभे राहिलो. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा, खालीही कसाबसा चालायचा, म्हणून मी खाली उभी राहून त्यावर अर्ज भरत गेले, नाव, सेवा, पत्नीची शाळा, आणि त्यांनी आपला फोन घेऊन वर चढून फक्त तो ओटीपीचा आकडा बघायचा जो फोनवर येतो आणि थोड्या वेळात मरतो. पाळी आली. भाऊजी चौथ्या पायरीपर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, "मावशी, तुमाले पोरीशी बोलायचं होतं ना? तुमी या पहिले." मावशी चढल्या. त्यांची पोरगी नाशिकला बाळंत झाली होती आणि त्या बाळाचं नाक कोणावर गेलं यावर चर्चा झाली. आमचा आकडा मेला. दुसऱ्यांदा पाळी आली, भाऊजींनी एका शेतकऱ्याला फवारणीचं औषध विचारायला वर पाठवलं. आकडा पुन्हा मेला.

मी ओरडले. चौकात ओरडते तसं ओरडले. "भाऊजी! तुमाले ताईकडे यायचं हाये का नाई? एकदा सांगून टाका. मी तिले जाऊन सांगते, ते फाईल चुलीत घालते!"

भाऊजी शिडीचा दांडा धरून उभे राहिले. मग खालच्या पायरीवर बसले, मलाही बसायची खूण केली, आणि जे बोलले ते मी तसंच लिहिते. "लीडर, मी शनिवारी येतो तं तुही ताई दाराशी उभी असते. गरम पोळ्या वाढते. रविवारी डबा बांधून देते. मी शनिवारचा मानूस हाये, सुटीत आलो तरी पावनाच. सोमवारी कसा दिसतो मी, हे तिनं पाह्यलंच नाई. मी घोरतो. खडूचे हात चादरीले पुसतो. अकरा वर्षं तिचं घर तिच्या हातानं लागलं हाये, मीठ कुठं ठेवते तेबी मले माईत नाई. पाईप वापरून गेलो, अन् तोपर्यंत तारा तिथून हलला असला तं? रिकाम्या घरासमोर उभं राहून काय करू मी?"

सहा वर्षं मी लोकांना हक्क मागा, हक्क मागा असं सांगत फिरते आहे, पण हक्क मिळाल्यावर माणूस घाबरतो याबद्दल आमच्या कोणत्याही पत्रकात एक ओळ नाही.

उत्तर दिलं ते रांगेतल्या त्याच फवारणीवाल्या माणसाने. सगळं ऐकलं होतं त्याने, गावात कोणी काही न ऐकण्याची सोय नाही. म्हणाला, "मास्तर, माह्ये दोनी पोरं तुमच्या हाताखालून गेले. तुमी गेले तं लय वाईट वाटन. पण आता चढा वर." मग मावशी म्हणाल्या, "चढा हो मास्तर. घोरते तं कोनचा मानूस घोरत नाई?" रांग हसली. कोणीतरी त्यांच्या पाठीला हात लावून ढकललं. भाऊजी सहाव्या पायरीवर चढले, चष्मा कपाळावर घेतला आणि पोरांना पाढा सांगावा तसा तो आकडा एकेक करून खणखणीत वाचला. अर्ज गेला. खाली उतरून त्यांनी मला तीन वेळा विचारलं, "गेला का नक्की?" आणि मग घोरण्याविषयी जे बोललो ते ताईला सांगू नको म्हणाले.

मी अर्थातच सांगितलं. चांदूर बाजारला गेल्या गेल्या, चप्पल काढायच्या आधी. ताई वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं नाही. समोरच्या वहीवर बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "मलेबी तेच वाटते नं व. एकटीनं जेवाची सवय झाली हाये मले. रोज समोर कोनी बसलं तं काय बोलू, हे कदी कदी आरशासमोर म्हणून पायते." मग म्हणाली, "पन बसून तं पाहू. नाई जमलं तं भांडू. भांडाले तरी रोज एका घरात पायजे नं मानूस."

यादी अजून लागलेली नाही. मी दर आठवड्याला चौकशी करते; प्रक्रिया सुरू आहे असं उत्तर मिळतं, हे उत्तर मला पाठ आहे. दुसरा कोणताही विषय असता तर आतापर्यंत मी दोन निवेदनं आणि एक घेराव केला असता. या खेपेला मी नुसती थांबले आहे, आणि थांबणं एवढं दमवणारं असतं हे मला ताईने अकरा वर्षांत कधी कळू दिलं नव्हतं. भाऊजींनी शाळेत चौथीला आपलं सगळं आधीच शिकवून संपवलं आहे. आता ते तिसरीला चौथीचं शिकवतात, म्हणजे अचानक निघावं लागलं तर.

तोपर्यंत ते येतातच, दर शनिवारी. म्हणून माझी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी अमरावतीच्या स्टँडवरून चांदूर बाजारच्या गाडीत बसाल तर खिडकीजवळ एक बुटका, चष्म्याला दोरा बांधलेला, खडूने पांढऱ्या झालेल्या बाहीचा माणूस दिसेल. तुम्ही आत पाऊल टाकलं की तो उठेल आणि म्हणेल, "बसा तुमी, मले जवळच उतरायचं हाये." खोटं बोलतो आहे, त्याला शेवटपर्यंत जायचं आहे. तुम्ही दमलेले असाल, तुमचे पाय दुखत असतील, हातात लेकरू असेल, तरी ती जागा घेऊ नका. खांद्याला धरून त्याला खाली बसवा. आणि गाव आलं की हलवून उठवा, कारण एकदा बसला की तो झोपतो, आणि बायको दारात उभी आहे.